जुना एसी बदलताना

एका एप्रिलमधली गोष्ट. नागपुरात पारा चढू लागला होता आणि आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींचा एसी एका दुपारी नुसतीच हवा फेकू लागला. पंखा फिरतो, पण गारवा नाही. मिस्त्री आला, कान लावून ऐकले आणि म्हणाला, "गुरुजी, कॉम्प्रेसर गेला. आता यात पैसे घालू नका, नवाच घ्या." गुरुजींच्या घरी आजारी पत्नी, त्यांना उकाडा सोसत नाही. तेव्हा संध्याकाळी गुरुजी मुदतठेवीची पावती हातात घेऊन माझ्याकडे आले. "मोडू का हो?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

श्रोतेहो, हा प्रश्न आज पुष्कळ घरांत उभा राहतो. एकेकाळी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात शोभणारे हे यंत्र आता मध्यमवर्गीयांच्या निजायच्या खोलीत आले आहे, आणि दहा-बारा वर्षांनी ते बदलण्याची पाळीही येतेच. त्या वेळी आपण दुकानातली किंमत तेवढी पाहतो. पण एसीची किंमत आपण दोनदा देतो. एकदा दुकानात आणि नंतर दर महिन्याला विजेच्या बिलात. या दोन्ही किमतींची एकत्र बेरीज केल्याशिवाय स्वस्त काय आणि महाग काय ते कळत नाही. आज ती बेरीज कशी करावी एवढेच मला सांगायचे आहे.

पहिली गोष्ट : यंत्र खरोखरच मेले आहे का, याची खात्री करून घ्या. गुरुजींना मी म्हटले, पावती राहू द्या, आधी दुसरा मिस्त्री बोलवा. दुसऱ्याने झाकण उघडून कपॅसिटर तपासला. कॉम्प्रेसर सुरू होताना त्याला जो जोराचा धक्का लागतो तो देणारा हा डबीएवढा भाग. तो निकामी झाला की कॉम्प्रेसर घुमतो, पण चालत नाही. पंखा मात्र फिरत राहतो. तो बदलायला काही शे रुपये लागले आणि यंत्र पूर्ववत गार हवा देऊ लागले. पहिला मिस्त्री लबाड होता असे मी म्हणत नाही. घाईत होता असे म्हणू. पण त्या घाईची किंमत गुरुजींची मुदतठेव झाली असती. तेव्हा गारवा कमी झाला तर आधी जाळी धुऊन पाहावी, बाहेरच्या भागावरची धूळ काढावी, आणि मोठा खर्च सांगितला गेला तर दुसऱ्या माणसाचे मत घ्यावे. डॉक्टरांच्या बाबतीत आपण हे करतोच.

मात्र गॅस वारंवार भरावा लागत असेल तर गोष्ट वेगळी. पेट्रोलसारखा हा गॅस खर्च होत नसतो. तो बंद नळ्यांतून फिरत असतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. शिवाय जुन्या यंत्रांतला आर-२२ हा गॅस ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये हळूहळू बाद केला जात आहे. आर-२२ चे यंत्र, त्यात गळती आणि वर कॉम्प्रेसरही गेलेला, असे त्रिकूट जमले तर मात्र त्याला निरोप द्यावा हे बरे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. विजेचे बिल टप्प्याटप्प्याने चढते हे आपण जाणतोच. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, त्यापुढे आणखी चढा. दिवे, पंखे, फ्रीज यांची युनिटे आधीच खालचे टप्पे भरून टाकतात. एसीची युनिटे येऊन बसतात ती या चवडीच्या वर, म्हणजे महागड्या टप्प्यात. म्हणून एसीचा हिशेब बिलाच्या सरासरी दराने करू नये. आपण ज्या वरच्या टप्प्यात जातो त्या दराने करावा, आणि त्यात वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्कही मिळवावे. सोयीसाठी आपण सगळे मिळून युनिटला १२ रुपये धरू. आपापल्या बिलावरून प्रत्येकाने आपला आकडा घालावा.

आता आपला एसी किती वीज खातो? यासाठी कोणाला बोलवायची गरज नाही. रात्री फ्रीजसकट बाकी सारे बंद करावे, एसी दोन तास चालवावा आणि मीटरवरचा आधीचा व नंतरचा आकडा लिहून घ्यावा. गुरुजींचा दीड टनी जुना एसी तासाला सरासरी १.३५ युनिट घेत होता. नागपुरात त्यांचा एसी चालायचा तो एप्रिलपासून पाऊस स्थिरावेपर्यंत, साधारण ७५ दिवस, रोज आठ तास. म्हणजे ६०० तास. ६०० गुणिले १.३५ म्हणजे ८१० युनिटे. नवे चांगले यंत्र तिथेच तासाला ०.८ युनिट घेईल असे धरले तर ४८० युनिटे. बचत ३३० युनिटांची, म्हणजे वर्षाला सुमारे ४,००० रुपये. नवे यंत्र ३६,००० रुपयांना आले तर नुसत्या विजेच्या बचतीतून ते पैसे सुटायला नऊ वर्षे लागतील. म्हणजे चालू स्थितीतले जुने यंत्र केवळ वीज वाचवण्यासाठी काढणे गुरुजींना परवडणारे नव्हते. पण तेच यंत्र जर १२,००० रुपयांचा नवा कॉम्प्रेसर मागत असते, तर जादा खर्च २४,००० रुपयेच उरला असता आणि तो सहा वर्षांत फिटला असता. मग बदलणेच शहाणपणाचे ठरले असते.

तिसरी गोष्ट ताऱ्यांची. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो ही केंद्र सरकारची संस्था यंत्रावर एक ते पाच तारे देते. त्या पट्टीवर वर्षाकाठच्या युनिटांचा आकडा छापलेला असतो. हा आकडा वर्षाला १,६०० तास यंत्र चालेल असे धरून काढलेला असतो, हे फार थोड्यांना माहीत असते. समजा, तीन ताऱ्यांच्या यंत्रावर १,००० युनिटे आणि पाच ताऱ्यांच्या यंत्रावर ७७० युनिटे लिहिली आहेत, आणि किमतीत ८,००० रुपयांचा फरक आहे. मुंबईत किंवा कोकणपट्टीत दमटपणामुळे ज्यांचा एसी वर्षातून आठ-नऊ महिने चालतो, त्यांचे खरोखरच १,६०० तास भरतात. त्यांची वर्षाला २३० युनिटे, म्हणजे सुमारे २,७५० रुपये वाचतील आणि तीन वर्षांत जादा किंमत वसूल होईल. त्यांनी डोळे मिटून पाच तारे घ्यावेत. गुरुजींचे तास ६०० च. आमच्याकडचा उन्हाळा कडक म्हणून तासाची वीज थोडी जास्त धरली तरी त्यांची बचत वर्षाला सुमारे १,३०० रुपये होते. पैसे फिटायला सहा वर्षे लागतात. तेव्हा तारे किती घ्यावेत याचे उत्तर आधी आपल्या तासांना विचारावे; दुकानदाराचा सल्ला त्यानंतर.

आणखी एक. हे तारे कायमचे नसतात. मोजमाप वेळोवेळी कडक केले जाते. जुलै २०२२ मध्ये असेच झाले. आदल्या दिवशीचे पाच ताऱ्यांचे यंत्र दुसऱ्या दिवशी चार ताऱ्यांचे ठरले. म्हणून पट्टीवरचा कालावधी वाचावा, आणि दोन यंत्रांची तुलना ताऱ्यांवर न करता छापलेल्या युनिटांवर करावी. नियम बदलण्याच्या सुमारास जुना माल सवलतीत मिळतो. युनिटांचा आकडा पटत असेल तर तो घ्यायला हरकत नाही.

'इन्व्हर्टर' या शब्दानेही गोंधळ होतो. वीज गेल्यावर चालणारा घरातला इन्व्हर्टर तो हा नव्हे. साधा एसी एक तर पूर्ण जोराने चालतो नाही तर थांबतो. गर्दीच्या रस्त्यावरच्या रिक्षासारखा, घडीघडी थांबणारा आणि पुन्हा उसळी घेणारा. इन्व्हर्टर एसी खोली गार झाली की आपला वेग कमी करून संथ चालत राहतो. रात्रभर चालवणाऱ्याला त्याचा फायदा मोठा. मात्र त्यातला इलेक्ट्रॉनिक पट्टा बिघडला तर दुरुस्ती महाग पडते. तेव्हा कॉम्प्रेसरबरोबरच त्या पट्ट्याची हमी किती वर्षांची, हे विचारून घ्यावे.

चौथी गोष्ट यंत्राच्या आकाराची. एसीचा टन म्हणजे वजन नव्हे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी काढून टाकण्याची ताकद म्हणजे एक टन. बर्फाच्या व्यापाराच्या दिवसांतले ते माप आजतागायत चिकटून राहिले आहे. साधारणपणे १०० ते १२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन आणि १५० ते १८० फुटांना दीड टन पुरतो. वर थेट गच्ची असेल किंवा भिंत पश्चिमेची असेल तर थोडे जास्त लागते. पण "मोठाच घेऊन टाकू" हा विचार दोनदा महाग पडतो. किंमत जास्त, आणि साधे मोठे यंत्र खोली झटकन गार करून थांबते, त्यामुळे हवेतला दमटपणा नीट निघत नाही. गारवा येतो, पण चिकचिक राहते.

त्याऐवजी खोलीत येणारी उष्णताच अडवावी. गच्चीला पांढरा चुना किंवा पांढरा रंग, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिकाचा पडदा, दाराखालच्या फटीला पट्टी. हे उपाय आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होते. विदर्भात आणि खानदेशात तर वाळ्याच्या टट्ट्यांचा कूलर कोरड्या उन्हाळ्यात आजही उत्तम काम देतो आणि एसीच्या मानाने फार थोडी वीज घेतो. हवा दमट झाली की तो हतबल होतो, ही त्याची मर्यादा. दिवसा बैठकीत कूलर आणि रात्री निजायच्या खोलीत एसी अशी वाटणी केली तर एकाच यंत्रावर घर निभावते.

पाचवी गोष्ट खरेदीची आणि बसवण्याची. मे महिन्यात रांगेत उभे राहून एसी घेणे म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी सोने घेणे. दिवाळीनंतर, थंडीत घ्यावा. दुकानदाराला वेळ असतो आणि बसवणाऱ्यालाही. जुन्या किमतीशी तुलना करताना २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, हे ध्यानात असू द्यावे. जाहिरातीतल्या किमतीत पुष्कळदा बसवणावळ, जादा तांब्याची नळी, बाहेरच्या भागाचा लोखंडी स्टँड हे खर्च धरलेले नसतात. सगळे मिळून किती, हे लिहून घ्यावे. खिडकीचा एसी काढून स्प्लिट घ्यायचा असेल तर भिंतीतले भगदाड बुजवण्याचा खर्चही त्यात मिळवावा. बसवताना नळ्यांतली हवा पंपाने पूर्ण ओढून घेतल्यावरच गॅस सोडावा, असा आग्रह धरावा. घाईचा माणूस ही पायरी गाळतो आणि त्याचा भुर्दंड आपण वर्षानुवर्षे भरतो.

जुन्या यंत्राचे काय? त्यात तांबे आहे, म्हणून त्याला मोल आहे. बदलीत दुकानदार काय देतो आणि बाहेर काय मिळते, हे दोन्ही विचारावे. पण दारावरच्या भंगारवाल्याला नळ्या कापू देऊ नयेत. आतला गॅस हवेत जातो. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत एसीचा समावेश आहे. अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे किंवा कंपनीच्या बदली योजनेत तो द्यावा.

शेवटी, नव्या यंत्राची बचत आपल्या बोटावर असते. जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना २४ अंशांवर असतो, तो तसा हेतुपूर्वक ठेवला आहे. सरकारी अंदाजाप्रमाणे एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २६ अंश आणि वर पंखा मंद, एवढ्यात बहुतेकांना सुखाची झोप लागते. मात्र वृद्ध, आजारी आणि तान्ही मुले यांच्या बाबतीत काटकसर करू नये. आमच्याकडच्या मे महिन्यात गारवा ही चैन नव्हे. पैसे वाचवायचे ते हिशेबातून, माणसांना घाम गाळायला लावून नव्हे.

गुरुजींनी त्या उन्हाळ्यात जुनाच एसी चालवला आणि गच्चीला चुना दिला. पुढच्या डिसेंबरात, गळती सुरू झाल्यावर, त्यांनी तीन ताऱ्यांचा दीड टनी एसी घेतला. मधल्या महिन्यांत पेन्शनीतून थोडे थोडे बाजूला टाकले होते, त्यामुळे मुदतठेव शाबूत राहिली. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "सर, आयुष्यभर पोरांना त्रैराशिक शिकवले, स्वतःसाठी पहिल्यांदाच मांडले!"