पडत्या काळातील पत

फलंदाज सलग चार-पाच डावांत अपयशी ठरला की त्याचा 'फॉर्म' गेला, असा निकाल लोकलच्या डब्यापासून महाविद्यालयाच्या शिक्षककक्षापर्यंत सर्वत्र एकमुखाने दिला जातो. निकाल देणाऱ्यांच्या क्रिकेटप्रेमाविषयी शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या पुराव्याविषयी. पन्नासची सरासरी असलेला फलंदाज प्रत्येक डावात पन्नास धावा काढीत नसतो. त्याच्या खात्यात दीडशतके असतात, तसे भोपळेही असतात; आणि ते भोपळे केव्हातरी एकापाठोपाठ एक येणार, हे संभाव्यतेच्या नियमांना धरूनच आहे.

२००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातील पहिल्या तीन कसोटींत सचिन तेंडुलकरच्या धावा होत्या ०, १, ३७, ० आणि ४४. त्यानंतर जानेवारी २००४ मध्ये सिडनीला त्याने नाबाद २४१ आणि नाबाद ६० धावा काढल्या. पहिल्या डावात त्याने आपला लाडका कव्हर ड्राइव्ह जवळजवळ वर्ज्य केला होता. त्या संयमाचे मोल मोठेच. परंतु असाधारण वाईट काळानंतर बहुधा साधारण काळ येतो, हेही तितकेच खरे. फ्रान्सिस गॉल्टन याने १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना सरासरीकडे परतण्याची ही प्रवृत्ती दाखवून दिली. क्रिकेटमध्ये मात्र तिचे श्रेय नव्या बॅटला, नवसाला किंवा प्रशिक्षकाच्या कानउघाडणीला जाते.

मग खरी उतरण ओळखायची कशी? बोरिवलीत लहानाचा मोठा झालेल्या रोहित शर्माचे उदाहरण ताजे आहे. २०२४ च्या अखेरीस मायदेशी न्यूझीलंडविरुद्ध सहा डावांत ९१ आणि नंतर ऑस्ट्रेलियात पाच डावांत अवघ्या ३१ धावा झाल्यावर, कर्णधार असूनही तो जानेवारी २०२५ च्या सिडनी कसोटीतून स्वतः बाजूला झाला. त्याच महिन्यात वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर तो अनेक वर्षांनी मुंबईकडून रणजी सामना खेळला. धावा झाल्या ३ आणि २८, आणि जम्मू-काश्मीरने मुंबईला हरविले. लोकांनी त्याच्या कारकिर्दीवर पडदा टाकला. परंतु फेब्रुवारीत कटकला त्याने इंग्लंडविरुद्ध ९० चेंडूंत ११९ धावा फटकावल्या आणि ९ मार्च रोजी दुबईत चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात ७६ धावा करून तो सामनावीर ठरला. मे महिन्यात त्याने कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला. म्हणजे एका प्रकारात दुष्काळ सरला, तर दुसऱ्यात तो अखेरचा ठरला. हा फरक पाच डावांत कळणे शक्य नव्हते.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला 'पत' हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही. नामवंत फलंदाजाला पडत्या काळात संधी मिळत राहते, ती त्याच्या मागील धावांच्या तारणावर. २०२३-२४ च्या रणजी हंगामात मुंबईचा कर्णधार अजिंक्य रहाणे बराच काळ धावांसाठी झगडत होता. विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने दुसऱ्या डावात ७३ धावा केल्या आणि मुंबईने ४२ वे विजेतेपद मिळविले. जुन्या ऋणकोवर बँक विश्वास ठेवते, त्यात गैर काही नाही.

प्रश्न आहे तो ज्याच्यापाशी तारणच नाही त्याचा. विरार, मुलुंड किंवा घाटकोपरहून पहाटेच्या गाडीत किट सांभाळीत येणाऱ्या मुलाला निवड चाचणीत एखाद-दुसरा डाव मिळतो. एक अप्रतिम चेंडू किंवा पंचाचे एक चुकलेले बोट, आणि त्याचे वर्ष वाया जाते. प्रस्थापिताचे अपयश 'पडता काळ' ठरते. होतकरूचे अपयश म्हणजे त्याची कुवत ठरते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने पुरावा दोघांचाही अपुरा. शिक्षा मात्र एकालाच.

यावर उपाय मुंबईच्या परंपरेतच आहे. १९४८ साली सुरू झालेल्या कांगा लीगने पावसाळी, ओल्या खेळपट्ट्यांवर फलंदाजांच्या पिढ्या पारखल्या. महागाई लक्षात घेतल्याशिवाय रुपयाचे मूल्य कळत नाही. तशी खेळपट्टी लक्षात घेतल्याशिवाय धावांची किंमत कळत नाही. अशा ठिकाणी काढलेल्या पंचवीस धावा निवडकर्त्यांनी शतकाइतक्याच आदराने वाचल्या पाहिजेत, आणि वयोगटातील मुलांना बाद ठरविण्यापूर्वी त्यांच्या पदरी पुरेसे डाव टाकले पाहिजेत. मैदाने अपुरी आणि मुले असंख्य, ही अडचण खरी आहे. पण म्हणूनच एका डावावरून दिलेला निकाल तात्पुरता मानण्याची सवय अधिक निकडीची ठरते. तीन तासांच्या एका प्रश्नपत्रिकेवरून विद्यार्थ्याची बुद्धी ठरविणाऱ्या आम्हा शिक्षकांनाही ती लावून घ्यावी लागेल.