पाळी चालू असताना संबंध आला तर दिवस राहतात का?

‘पाळीत काही होत नाही’ हा समज गावोगावी पक्का आहे. त्याच भरवशावर अनेक जोडपी त्या दिवसांत निरोध वापरत नाहीत. पाळीत दिवस राहण्याची शक्यता कमी असते हे खरं, पण ती शून्य नसते.

पुढची पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी स्त्रीबीज सुटतं. ते जेमतेम एक दिवस टिकतं. पुरुषाचे शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. खरी मेख इथंच आहे.

अंगावरून जायला लागलं तो पहिला दिवस धरा. पाळी २८ दिवसांनी येत असेल तर बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. तिसऱ्या दिवशी संबंध आला तरी शुक्राणू आठव्या दिवसापर्यंत संपतात. पण पाळी २२ दिवसांनीच येत असेल तर बीज आठव्या दिवशीच सुटू शकतं. तिला पाचव्या दिवशी अजून जात असलं आणि संबंध आला, तर शुक्राणू दहाव्या दिवसापर्यंत टिकू शकतात. म्हणजे दिवस राहू शकतात.

शिवाय पाळी दर महिन्याला ठरल्या दिवशी येतेच असं नाही. वयात आल्यावरची पहिली काही वर्षं, बाळंतपणानंतर आणि चाळिशीनंतर ती मागंपुढं होते. काही जणींना बीज सुटतानाच थोडं रक्त दिसतं. ते पाळीचं समजलं तर हिशोब पार चुकतो, कारण सगळ्यात जोखमीचे दिवस तेच.

म्हणून मूल नको असेल तर तारखांवर विसंबू नका. निरोध आणि माला-एन गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. आशाताईंनाही विचारता येतं. निरोधामुळे लैंगिक आजारांपासूनही बचाव होतो, आणि पाळीत त्याची गरज कमी होत नाही.

संबंध येऊन गेलाच असेल तर तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यावी. जितकी लवकर तितकी बरी. पुढची पाळी लांबली तर लघवीची तपासणी करा. दिवस राहिले असतील तर दुकानातून परस्पर गोळ्या आणून खाऊ नका, आधी डॉक्टरांना भेटा. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि ही जबाबदारी एकट्या बाईची तर मुळीच नाही.