वात की वाट? कानाला हवेत अनेक आवाज

एका वाचक आजींचा प्रश्न आला आहे. नातू अमेरिकेत वाढतोय, घरी इंग्रजीच बोललं जातं. आता तो हौसेनं मराठी शिकतोय, पण ‘वात’ आणि ‘वाट’, ‘दात’ आणि ‘दाट’ त्याला सारखेच ऐकू येतात. उच्चार सुधारण्याची हमी देणारं एखादं ॲप घेऊन द्यावं का, असं त्या विचारतात. या छोट्या प्रश्नामागे गेल्या पन्नास वर्षांतलं फार देखणं संशोधन उभं आहे.

नातवाच्या कानात दोष नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या कॅनडातल्या संशोधकांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ ऐकवले. बोलता न येणाऱ्या बाळाला प्रश्न विचारायची त्यांची पद्धत मला विलक्षण आवडते. बाळ आईच्या मांडीवर बसलेलं. एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकू येतं. ते बदललं की बाजूच्या खोक्यात दिवा लागतो आणि खेळण्यातला प्राणी हलू लागतो. हे लक्षात आलं की अक्षर बदलताच बाळ आपणहून तिकडे मान वळवतं. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार सहा ते आठ महिन्यांच्या जवळजवळ सगळ्या बाळांना त आणि ट वेगळे कळत होते. दहा-बारा महिन्यांच्या बाळांत मात्र असं मान वळवणारी मोजकीच उरली. भोवतालच्या भाषेत ज्या फरकाला अर्थ नाही, त्याकडे मेंदू वर्षाच्या आतच काणाडोळा करू लागतो.

जपानी माणसाला इंग्रजीतल्या र आणि ल बाबत हाच अनुभव येतो. ध्वनीतल्या अनुनादाचा तिसरा पट्टा इंग्रजी र मध्ये खूप खाली उतरतो, ल मध्ये वर राहतो; सगळा भेद मुख्यतः तिथे आहे. १९७५ साली संशोधकांनी हा तिसरा पट्टा शब्दापासून सुटा काढून ऐकवला, तेव्हा जपानी श्रोत्यांना त्यातला फरक अमेरिकनांइतकाच नीट कळला! तोच पट्टा बोलण्यात मिसळला की मात्र फरक दिसेनासा व्हायचा. म्हणजे कान शाबूत होता, वर्गवारी मेंदू करत होता. आणि वर्गवारी शिकवता येते.

पण शिकवायची कशी? विनिफ्रेड स्ट्रेंज आणि सिबिला डिटमन यांनी १९८४ साली संगणकानं घडवलेल्या एकाच शब्दजोडीवर जपानी विद्यार्थिनींना सराव दिला. त्या जोडीत त्या तरबेज झाल्या, पण खऱ्या माणसांनी उच्चारलेल्या शब्दांत त्याचा उपयोग झाला नाही.

इथे इंडियाना विद्यापीठातल्या डेव्हिड पिसोनी यांच्या प्रयोगशाळेचं नाव घ्यायला हवं. भाषा शिकवणाऱ्या ॲपच्या गौरवगाथांत ते जवळजवळ येतच नाही, याची मला खंत वाटते. जॉन लोगन, स्कॉट लाइव्हली आणि पिसोनी यांनी १९९१ साली साधा बदल केला. शब्द खरे, जोड्या भरपूर आणि आवाज वेगवेगळ्या पाच माणसांचे. शिकणाऱ्यानं शब्द ऐकायचा, दोनांपैकी एक निवडायचा, चूक की बरोबर हे संगणक लगेच सांगणार. साधारण तीन आठवड्यांत अचूकता सुमारे ७८ टक्क्यांवरून ८६ वर गेली. आकडा चमत्काराचा नाही, पण प्रौढांचा कान वळतो हे त्यानं दाखवलं. १९९३ साली त्याच प्रयोगशाळेत एकाच माणसाच्या आवाजावर सराव देऊन पाहिला. त्या आवाजात प्रगती झाली, पण नवा आवाज आला की ती टिकली नाही.

एकाच बाईंच्या सुवाच्य अक्षरावर वाचायला शिकलेलं मूल डोळ्यांसमोर आणा. बाईंचा ‘ल’ त्याला ओळखू येतो. पण आजोबांच्या पत्रातला तिरपा ‘ल’, दुकानाच्या पाटीवरचा जाडजूड ‘ल’, वर्गमित्राच्या वहीतला गिचमीड ‘ल’ आला की ते अडतं. दहा हातांचं अक्षर पाहिल्यावर कुठलं वळण लिहिणाऱ्याचं आणि कुठलं अक्षराचं हे कुणी न सांगता उमगतं. आवाजांचंही तसंच आहे.

पुढची गोष्ट तर फारच सुंदर. १९९७ साली ॲन ब्रॅडलो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की केवळ ऐकण्याचा सराव केलेल्या जपानी लोकांचा बोलण्यातला र-ल सुद्धा सुधारला. जीभ कुठे टेकवायची हे त्यांना कुणीच शिकवलं नव्हतं.

म्हणून एकाच कृत्रिम आवाजात शब्द म्हणून दाखवणाऱ्या आणि तुमच्या उच्चाराला शंभरपैकी गुण देणाऱ्या ॲपवर माझा फारसा विश्वास नाही. नुसत्या गुणांवरून नेमकं काय बदलायचं ते कळत नाही. आणि तान्ह्या बाळासाठी तर पडदा नकोच. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांनी चिनी ध्वनी समोर बसलेल्या माणसाकडून उचलले. तेच चित्रफितीतून किंवा ध्वनिफितीतून ऐकलेल्या बाळांनी काहीच उचललं नाही.

नातू मात्र मोठा आहे, आणि त्याच्यासाठी लागणारी यंत्रणा आजींच्या हातातच आहे. वात-वाट, दात-दाट, पात-पाट, काल-काळ, वेल-वेळ अशा वीसेक जोड्या कराव्यात. काका, मावशी, आतेबहीण, शेजारचे आजोबा, प्रत्येकानं त्या आपल्या नेहमीच्या बोलण्यात मोबाईलवर ध्वनिमुद्रित कराव्यात. सांगलीचा, नागपूरचा, मालवणचा आवाज असेल तर फारच उत्तम. आणखी आवाज हवे असतील तर मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या मुक्त संग्रहात लोकांनी आपणहून दिलेली मराठी वाक्यं आहेत. नातवानं शब्द ऐकून चित्रावर बोट ठेवावं आणि उत्तर त्याला लगेच कळावं. रोज थोडा वेळ, काही आठवडे. त्यानंतरची चाचणी मात्र त्यानं कधीच न ऐकलेल्या माणसाच्या आवाजात घ्यावी. पिसोनींच्या प्रयोगशाळेतही ती तशीच घेत.