हँडलवर मोबाइल की जीपीएस कॉम्प्युटर?

पिंपळनेरहून सायकल काढली की दोन घाट हाताशी आहेत. नवापूरच्या वाटेवर चरणमाळ, ताहाराबादच्या वाटेवर सेलबारी. व्यायामासाठी सायकल धरलेल्या माणसाला काही दिवसांत आकड्यांची गोडी लागते: किती किलोमीटर झाले, चढाला वेग किती पडला, नाडी किती वाढली. मग प्रश्न पडतो. खिशात मोबाइल असताना हँडलवर लावायला वेगळा जीपीएस सायकल कॉम्प्युटर कशाला?

आधी एक गैरसमज दूर करू. मोबाइलची रेंज गेली की जीपीएसही बंद पडते, असे अनेकांना वाटते. तसे नाही. सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत मोबाइल थेट पकडतो. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की त्यांना लागलेल्या वेळेवरून तो आपले ठिकाण काढतो. रेंजचा उपयोग उपग्रह लवकर सापडायला आणि नकाशा उतरवून घ्यायला होतो. घाटात रेंज गेली तर ठिकाण कळते, पण खालचा नकाशा कोरा दिसतो. घरी वाय-फायवर तो भाग आधीच उतरवून ठेवला की हीही अडचण मिटते. मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइलही पाच मीटरच्या आसपास अचूक असतो. म्हणजे निव्वळ अचूकतेसाठी वेगळे यंत्र घेण्यात फारसा अर्थ नाही.

खरा फरक बॅटरीत आणि पडद्यात आहे. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश देतो. खान्देशातल्या उन्हात तो वाचता यावा म्हणून उजेड पूर्ण वाढवावा लागतो आणि चार्जिंग काही तासांत संपते. बऱ्याच सायकल कॉम्प्युटरचा पडदा उलट ऊनच परावर्तित करतो, त्यामुळे ऊन जितके कडक तितके आकडे स्पष्ट. एका चार्जिंगवर अशी यंत्रे साधारण पंधरा-वीस तास चालतात. उष्णतेचाही मुद्दा आहेच. अ‍ॅपल आपला आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा, असे सांगते. एप्रिल-मेमध्ये धुळे जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात हँडलवर तापलेला फोन पडदा मंद करतो, कधी बंदही पडतो.

आता बॅटरीचा प्रश्न आरोग्याचा कसा, ते पाहू. घाटात पडल्यावर ११२ हा क्रमांक मोबाइलवरूनच लावायचा असतो. काही सायकल कॉम्प्युटर पडल्याचे ओळखून घरच्यांना संदेश धाडतात, पण तोही जोडलेल्या मोबाइलमार्फतच आणि रेंज असेल तरच. म्हणून आकडे दाखवता दाखवता फोन संपवणे हा सर्वांत महाग सौदा. शिवाय ताशी ३० किलोमीटर वेगात दोन सेकंद पडद्याकडे पाहिले, तर सायकल सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते. उतारावर तेवढ्यात खड्डाही येतो आणि उसाचा ट्रॅक्टरही. हे दोन्ही यंत्रांना लागू आहे. हँडलवर फोन असला तर त्यात व्हॉट्सअ‍ॅपची भर पडते.

रोज तास-दीड तास चालवणाऱ्याने फोन खिशात ठेवावा, पडदा बंद करून अ‍ॅपवर नोंद चालू ठेवावी. बॅटरी फारशी जात नाही आणि खर्च शून्य. वाटेत वेग दिसायलाच हवा असेल, तर चाकाला चुंबक लावून चालणारा साधा स्पीडोमीटर काही शे रुपयांत मिळतो. नाडी मोजण्याचा छातीपट्टा ब्लूटूथचा असेल तर मोबाइललाही जोडता येतो. तोही नसला तरी चालेल: सायकल चालवताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा दम लागला की तो मध्यम व्यायाम. असा व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटे व्हावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

ब्रेव्हेला उतरणाऱ्यांचे गणित निराळे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २० तास. अनोळखी वळणे, अंधार, कधी पाऊस. एवढा वेळ रस्ता दाखवून फोन जिवंत राहणार नाही, पॉवर बँक सोबत वागवावी लागेल. इथे काही हजारांचे वेगळे यंत्र पैसे वसूल करते. मात्र घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: पाण्यात टिकते का, वळणे दाखवते का आणि ओल्या बोटांनी चालणारी बटणे आहेत का. चाळीस-पन्नास हजारांच्या यंत्रातली बाकीची बरीच आकडेमोड शर्यतीच्या सरावासाठी असते.

निघण्यापूर्वी फोनच्या लॉक पडद्यावर रक्तगट आणि घरच्या माणसाचा क्रमांक दिसेल, अशी सोय करून घ्यावी. ती बहुतेक फोनमध्ये असते आणि तिला पाच मिनिटेही लागत नाहीत.