दऱ्या, दर्या आणि गिट

अकोले तालुक्याविषयी मराठीत चार ओळी लिहायला घ्या, ‘ऱ’शी गाठ पडतेच. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा आली की तिच्या खोऱ्यातली गावे येतात, साम्रदची सांधण आली की दऱ्या येतात, गड आले की पायऱ्या येतात. कागदावर याचा कुणालाच त्रास नाही. संगणकात मात्र हा अर्धा र तीन प्रकारे लिहिता येतो. तिन्ही प्रकार पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात आणि त्यांच्याविषयी विंडोज, मॅक आणि लिनक्स यांचे एकमत नाही.

उदाहरणादाखल समजा, राजूर, अकोले आणि पुणे इथले तिघे मिळून तालुक्यातल्या देशी वाणांची नोंदवही ठेवताहेत. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाल्यापासून हा विषय इथे घरोघरी माहीत आहे. अकोलेकराकडे विंडोज, दुसऱ्याकडे लिनक्स, पुणेकराकडे जुना मॅक. फाइलचे नाव ‘प्रवरा-खोऱ्यातील-वाण’. नोंदी तिघांत जुळत्या राहाव्यात म्हणून त्यांनी फायलींमधले बदल नोंदवणारे गिट घेतले. पुणेकराने मॅकवरच्या तितक्याच जुन्या गिटने सगळे उतरवून घेतले, एका अक्षराला हात लावला नाही, आणि तरी गिट सांगू लागले की इथे एक नवीन, नोंद नसलेली फाइल आहे. तिचे नाव? ‘प्रवरा-खोऱ्यातील-वाण’. त्याने ती भाबडेपणाने जोडून पाठवली. आता अकोल्यातल्या विंडोजवर एकाच नावाच्या दोन फायली शेजारी-शेजारी बसल्या आहेत.

इथे बहुतेक जण गिटला शिव्या घालतात. खरे तर गिट प्रामाणिक आहे, जरा अतीच. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ते लिहायला घेतले, कारण लिनक्सच्या गाभ्यासाठी वापरात असलेल्या, याच कामाच्या ‘बिटकीपर’ची फुकट वापराची सवलत संपली होती. लिनक्सच्या जगात फाइलचे नाव म्हणजे बाइटांची एक रांग. त्या रांगेला अर्थ आहे, तिला उच्चार आहे, असे तिथली फाइल-व्यवस्था सहसा मानत नाही. गिटनेही तेच उचलले. दोन रांगा वेगळ्या, तर नावे वेगळी, विषय संपला.

आता ‘खोऱ्यातील’ हा शब्द भिंगाखाली धरू. युनिकोडमध्ये ऱ या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. तो वापरला तर शब्दात ९ चिन्हे होतात: ख, ओकार, ऱ, हलन्त, य, काना, त, दीर्घ वेलांटी, ल. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते, म्हणून २७ बाइट. दुसरा प्रकार म्हणजे साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. युनिकोडच्या नियमानुसार हे दोन्ही समकक्ष आहेत, पण आता चिन्हे १० आणि बाइट ३०. तिसरा प्रकार जुना: र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारा ‘शून्य रुंदीचा जोडक’. काही फोनेटिक कळफलक आजही हाच देतात. त्याचेही बाइट ३०च, पण वेगळे. शिवाय युनिकोड या तिसऱ्याला पहिल्या दोघांचा समकक्ष मानत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र दाबला की पहिला प्रकार मिळतो. तिघांनी तीन कळफलक वापरले तर मॅकशिवायही हा घोळ होणार, हे उघड आहे.

मॅकचा वाटा असा. अ‍ॅपलची १९९८ सालची एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था नावातली फुटू शकणारी चिन्हे फोडून साठवत असे. तुम्ही ऱ लिहा, ती र आणि नुक्ता असे ठेवणार आणि विचारल्यावर तसेच परत सांगणार. गिटकडे नोंद २७ बाइटांच्या शब्दाची, डिस्क दाखवते ३० बाइटांचा. म्हणून ती ‘नवीन’ फाइल. २०१२ मध्ये गिटच्या १.७.१२ या आवृत्तीत यावर तोड आली: मॅकवर नाव वाचताना ते पुन्हा जोडून घ्यायचे. २०१७ पासून मॅकवर आलेली एपीएफएस ही फाइल-व्यवस्था नाव जसे दिले तसे ठेवते, तुलना करताना मात्र पहिल्या दोन प्रकारांत फरक करत नाही. तरी जुन्या मॅकवरून झिप होऊन आलेल्या फायलींत फोडलेला ऱ अजून सापडतो, आणि विंडोज किंवा लिनक्स तो निमूटपणे वेगळा म्हणून सांभाळतात.

याहून गमतीची गोष्ट तिसऱ्या प्रकाराची. एचएफएस प्लस नावांची तुलना करताना काही अदृश्य चिन्हे चक्क वगळत असे, आणि आपला शून्य रुंदीचा जोडक त्यांतच होता. म्हणजे जोडक घालून लिहिलेल्या ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ ही त्या डिस्कच्या दृष्टीने एकच फाइल! सह्याद्री आणि कोकण किनारा एका नावात. हा विनोद वाटेल, पण याच वगळण्यामुळे डिसेंबर २०१४ मध्ये गिटला तातडीने २.२.१ ही आवृत्ती काढावी लागली. गिटचा स्वतःचा कारभार ‘डॉट गिट’ नावाच्या फोल्डरमध्ये चालतो आणि बाहेरून आलेल्या फाइलला त्यात शिरकाव नसतो. कुणी त्या नावात अदृश्य चिन्ह पेरले की गिटला नाव वेगळे दिसे, डिस्कला मात्र तेच. मग आलेली फाइल गिटच्या सेटिंगच्या ‘कॉन्फिग’ फाइलवरच लिहिली जाई आणि परक्या माणसाची आज्ञा तुमच्या संगणकावर चालवता येई. विंडोजवर हीच पळवाट रोमन अक्षरांच्या लहान-मोठेपणातून निघत होती.

गिटला या फरकांची जाण आहे, आणि ती तपासायची त्याची रीत मला फार आवडते. नवे भांडार, म्हणजे गिटने सांभाळायचे फोल्डर, सुरू होताना ते डिस्कची परीक्षा घेते. ‘कॉन्फिग’ ही फाइल लिहून झाली की तेच नाव रोमनमध्ये मुद्दाम एक अक्षर मोठे, एक लहान असे वेडेवाकडे लिहून विचारते: आहे का ही? ‘आहे’ असे उत्तर आले, तर ही डिस्क लहान-मोठे अक्षर ओळखत नाही. मॅकवर ते दोन टिंबांचे एक जर्मन अक्षर नावात घालून बघते की ते फोडून लिहिलेल्या नावानेही तीच फाइल सापडते का. निकाल त्याच ‘कॉन्फिग’मध्ये लिहून ठेवते.

गोम इथेच आहे. परीक्षा एकदाच होते. आपल्याकडे अख्खे फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून दुसऱ्या संगणकावर नेण्याची पद्धत सर्रास आहे. तसे केले की पहिल्या डिस्कचा निकाल दुसऱ्या डिस्कला लागू होतो. शिवाय पेनड्राइव्हवरच्या फॅट किंवा एक्सफॅट व्यवस्थेत ‘ही फाइल चालवता येते की नाही’ हे नोंदवायला जागाच नसते. लिनक्सवर तो उघडला की बहुधा सगळ्याच फायली चालवता येण्याजोग्या दिसतात आणि गिट म्हणते, सगळ्याच बदलल्या. मजकूर जसाच्या तसा असतो. उपाय सोपा: फोल्डर उचलून नेऊ नका, नव्या संगणकावर गिटकडूनच क्लोन, म्हणजे नवी प्रत, करून घ्या.

घोळ नावांपुरताच नाही. एक ओळ बदलली आणि गिटने सगळी फाइल बदललेली म्हणून लाल-हिरवी रंगवली, तर कारण बहुधा ओळींच्या शेवटात असते. टेलिटाइप यंत्रावर नवी ओळ घ्यायला दोन आज्ञा लागत: गाडी डावीकडे न्या, कागद वर सरकवा. विंडोजने डॉसमार्गे दोन्ही ठेवल्या, युनिक्सने एक. विंडोजवरचे गिट बसवताना याविषयी एक प्रश्न येतो आणि आपण न वाचता पुढे जातो. भांडारातच ‘डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइल ठेवून नियम लिहिला, तर कुणी काय निवडले याने फरक पडत नाही.

बिघाड शोधताना पहिले काम आवृत्ती विचारण्याचे. मॅकवर मिळणारे गिट बहुधा अ‍ॅपलने स्वतः बांधलेले असते आणि तसे ते उत्तरात सांगते. विंडोजवरचेही आपले वेगळेपण आवृत्तीच्या आकड्यामागे लावते. दुसरे काम नावातले बाइट पाहण्याचे. इथे गिटची एक खोड उपयोगी पडते. मराठी नाव दाखवताना ते अक्षरांऐवजी अष्टमान आकडे ओकते: ख म्हणजे ३४०, २४४, २२६. हे बंद कसे करायचे, ते सगळे सांगतात आणि रोजच्या कामात बंद करावेच. पण दोन जुळी नावे समोर आली की ते पुन्हा चालू करा. ३४०, २४४, २६१ दिसले तर सरळ ऱ. शेवटी २६० असलेल्या तिकडीपाठोपाठ २७४ची तिकडी आली तर नुक्तेवाला. हलन्तानंतर ३४२, २०० आणि २१५ दिसले तर अदृश्य जोडक. डोळ्यांना जे दिसत नाही ते या कुरूप आकड्यांत लगेच दिसते.

‘फायलींची नावे इंग्रजीतच ठेवा’ हा यावरचा नेहमीचा सल्ला मला पटत नाही. लिनक्समध्ये एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हे. विंडोजवर त्याच्या तिप्पट बसतात. शासन निर्णयाचे शीर्षक फाइलला नाव म्हणून दिले तर ते लिनक्सवर अडकेल, पण तो दोष शीर्षकाचा. नाव मराठीतच ठेवा, आटोपशीर ठेवा आणि सगळ्यांनी मिळून ऱचा एकच प्रकार ठरवा, शक्यतो इनस्क्रिप्टचा.

अकोले-संगमनेरकडच्या महाविद्यालयांत संगणक शिकवणाऱ्यांना एक विनंती. ‘दऱ्या’ तीन प्रकारे लिहून तीन रिकाम्या फायली करा, शेजारी ‘दर्या’ची चौथी ठेवा आणि विद्यार्थ्यांना विचारा, कोणत्या संगणकावर किती उरतील. विंडोज आणि लिनक्सवर चार उरतात. एचएफएस प्लसच्या डिस्कवर दोनच.