घरचा राखणदार आणि घराचे आरोग्य

मालवणच्या किनाऱ्यावरील वाड्यावस्त्यांत कुत्रा व मांजर घरच्यासारखीच वावरतात. माडाच्या बागेची राखण कुत्रा करतो, तर साठवणीच्या भाताचे उंदरांपासून रक्षण मांजर करते. परंतु गाय आजारी पडताच दवाखाना गाठणारा शेतकरी कुत्र्या-मांजराच्या दुखण्याकडे बहुधा दुर्लक्ष करतो. हे दुर्लक्ष त्या मुक्या जीवापुरतेच मर्यादित राहत नाही. त्यांचे काही रोग माणसालाही होतात.

गोचीड आणि घरगुती उपाय

किनाऱ्यावरील उष्ण, दमट हवा गोचिडांना मानवते. कुत्र्याचे कान व बोटांच्या बेचक्यांत चिकटलेले गोचीड रक्त शोषतात आणि गोचीडतापाचे जंतूही रक्तात सोडतात. कुत्र्याला ताप येतो, त्याचे अन्न तुटते, हिरड्या पांढुरक्या पडतात. कधी नाकातून रक्त येते. अशा वेळी, किंवा लूत लागली असता, अंगाला रॉकेल चोळणे अपायकारक होय. त्याने कातडी भाजते आणि प्राण्याने अंग चाटल्यास ते पोटात जाते. कुत्र्यासाठीची काही गोचीडनाशके मांजराला विषारी ठरतात. माणसांच्या तापावरील पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते.

पिलांना उलट्या व रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त जुलाब सुरू झाल्यास तो पार्व्हो रोग असण्याचा संभव असतो. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून लसीकरण सुरू करणे हाच त्यावरील खरा उपाय होय.

पावसाळ्यातील धोका

भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसचे भय वाढते. उंदरांच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात व पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. कुत्र्यालाही हा रोग होतो आणि त्याच्या मूत्रातून तो पसरू शकतो. ताप, उलट्या व कावीळ ही लक्षणे दिसताच कुत्र्याला पशुवैद्यकाकडे न्यावे. त्याचे मूत्र उघड्या हातांनी साफ करू नये.

सर्वांत घातक रोग

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. पिसाळलेला कुत्रा नेहमीच अंगावर धावून येतो असे नाही. काही वेळा तो अंधारात निपचित पडतो, जबडा लुळा पडून लाळ गळते. त्याच्या घशात हाड अडकले असावे, या समजुतीने तोंडात हात घालणे जिवावर बेतू शकते. मांजराच्या चाव्यानेही हा रोग होतो.

चावा अथवा ओरखडा होताच जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, हळद वा चुना लावू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी आणि सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. जखम खोल असल्यास प्रतिपिंडांचे इंजेक्शनही आवश्यक ठरते.

हा रोग आटोक्यात आणता येतो, हे सावंतवाडी-दोडामार्गला लागूनच असलेल्या गोव्याने दाखवून दिले आहे. तेथे कुत्र्यांचे सामुदायिक लसीकरण व शाळांतून लोकशिक्षण ही कामे वर्षानुवर्षे नेटाने झाली. परिणामी २०१८ ते २०२० या तीन वर्षांत तेथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. साधारणपणे दर शंभरांतील सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते.

पिलू तीन महिन्यांचे होताच रेबीजची पहिली लस द्यावी व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती नियमित द्यावी. वाडीतील बेवारस कुत्र्यांच्या लसीकरणासही ग्रामस्थांनी हातभार लावावा. राखणदार निरोगी असेल, तरच घर सुरक्षित राहील.