सोपा राक्षस, अवघड फूल

समजा, तुमची मावशी कॅलिफोर्नियात राहते. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास इतकी मराठी माणसं आहेत, की अशी मावशी वर्गात कुणाची तरी असणारच. तिच्या घरामागच्या बागेत एक कोपरा रिकामा आहे आणि ती फोनवर विचारते, "काय लावू रे इथं? इकडच्याच मातीतलं काहीतरी सुचव."

उमेदवार दोन. पहिला कोस्ट रेडवूड, म्हणजे जगातलं सगळ्यात उंच वाढणारं झाड. दुसरं ट्रिलियम. रेडवूडच्याच जंगलात, त्याच्याच सावलीत उगवणारं वीत-दीड वीत उंचीचं रानफूल.

तुम्ही लगेच म्हणाल, "हे काय विचारणं झालं? फूल लाव! राक्षस कोण सांभाळणार?"

जरा दमानं घ्या. आधी राक्षसाला भेटू.

जगातल्या सगळ्यात उंच झाडाचं नाव आहे हायपेरियन. ते 2006 साली सापडलं. ते मोजायला शास्त्रज्ञ चक्क शेंड्यापर्यंत चढले आणि वरून खाली मोजपट्टी सोडली. उंची भरली 115 मीटरच्या वर! मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया 26 मीटर उंच आहे. एकावर एक चार गेटवे रचले तरी हायपेरियनचा शेंडा वर उरतोच. आणि एवढं धूड येतं कुठून? बोराएवढ्या शंकूतून. त्यातली एकेक बी जेमतेम तीन-चार मिलिमीटरची.

मग हे झाड थेट ढगांपर्यंत का जात नाही? अडचण पाण्याची आहे. मुळांनी ओढलेलं पाणी शंभर मीटर वर चढवायचं, तेही पंपाशिवाय! पानांतून पाण्याची वाफ होते आणि तिच्या ओढीनं खालचं पाणी वर खेचलं जातं. पण जितकं उंच जावं तितकी ही ओढाताण वाढते. म्हणून शेंड्याजवळची पानं बारीक आणि खवल्यांसारखी असतात, खालची मात्र लांबट आणि चपटी. शास्त्रज्ञांनी हिशेब करून सांगितलंय, की फार तर 122 ते 130 मीटर. त्यापुढे पाण्याची ही दोरी टिकणार नाही.

त्यात कॅलिफोर्नियाचा उन्हाळा कोरडा ठणठणीत. आपल्याकडे जून-जुलैमध्ये धो-धो पाऊस असतो, तेव्हा तिकडे थेंब पडत नाही. पडतं ते धुकं. पॅसिफिक समुद्रावरून आलेलं धुकं पानांवर थबकतं, थेंब होऊन मुळाशी टपकतं आणि थोडं तर पानं स्वतःच पिऊन टाकतात. या जंगलाला वर्षाला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास एक तृतीयांश पाणी असं धुक्यातून येतं. म्हणूनच ही झाडं समुद्रालगतच्या अरुंद पट्ट्यातच निसर्गतः वाढतात. धुक्यापासून लांब, तापलेल्या गावात कुणी लावलीच, तर पाणी कमी पडताच त्यांचे शेंडे करपायला लागतात. मावशीला हे आधी सांगून ठेवा.

पण चिवटपणा बघाल तर थक्क व्हाल. पाइनसारखी बहुतेक सूचिपर्णी झाडं बुंध्यातून तोडली की संपली. रेडवूडच्या खुंटाभोवती मात्र नव्या फुटव्यांचा गराडा पडतो. कधीकधी मधला जुना खुंट कुजून जातो आणि मागे उरतं उंच झाडांचं गोल रिंगण. ऑगस्ट 2020 मध्ये बिग बेसिन इथल्या रेडवूडच्या जंगलात मोठा वणवा लागला. झाडं खालपासून वरपर्यंत काळीठिक्कर पडली. पुढे काही महिन्यांत त्याच कोळसा झालेल्या खोडांवर हिरवी लव फुटली! सालीखाली शेकडो वर्षं झोपलेले डोळे जागे झाले होते. (झाडाच्या कोंबांना आपले शेतकरी डोळेच म्हणतात.)

बागेतसुद्धा हा राक्षस फार लाड मागत नाही. थंडावा, पाणी आणि जागा द्या, लहानपणी वर्षाला मीटरभर सहज वाढेल. मुळं मात्र खोल जात नाहीत, आडवी पसरतात. कुंपण, फरशी, शेजाऱ्यांचं अंगण, त्यांना सगळं सारखंच. पालो आल्टो नावाच्या शहराला तर नावच एका उंच रेडवूडवरून मिळालंय. हजार वर्षांहून जुनं ते झाड तिथं रेल्वेच्या रुळांशेजारी अजून उभं आहे.

आता फुलाकडे या.

ट्रिलियमचा सगळा कारभार तिनाचा. एक देठ, त्यावर तीन पानं, त्यावर एकच फूल आणि फुलाला तीन पाकळ्या. पांढऱ्याशुभ्र पाकळ्या जुन्या होतात तशा गुलाबी होतात, मग जांभळट. याच्या एका भावाला, पांढऱ्या ट्रिलियमला, कॅनडातल्या ओंटारियो प्रांतानं 1937 मध्ये आपलं राज्यपुष्प केलं. टोरंटोला तुमचा कुणी मामा असेल, तर त्याला विचारा. तिथल्या सरकारी कागदांवर हे फूल चिन्ह म्हणून दिसतं.

ट्रिलियमची बी पेरतं कोण? मुंग्या! प्रत्येक बीला एक चरबीदार, चविष्ट तुकडा चिकटलेला असतो. मुंग्या बी ओढत वारुळात नेतात, खाऊ खातात आणि उरलेली बी आपल्या कचऱ्याच्या ढिगात टाकून देतात. कचरा म्हणजे आयतं खत. जंगलात याहून चांगलं वाफ्याचं ठिकाण शोधून सापडायचं नाही.

आणि इथून पुढे सुरू होतं वाट बघणं. पहिल्या वसंतात बीतून फक्त मूळ निघतं, तेही मातीच्या आत. वर काहीच नाही! दुसऱ्या वर्षी एक इवलंसं पान डोकावतं. मग काही वर्षं एकच पान. मग तीन पानं. आणि फूल? सात वर्षं तरी लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर हरणांनी खाल्लं नाही तर. एखाद्या हौशी माणसानं फूल खुडलं, तर फुलाला लागूनच असलेली तिन्ही पानंही बहुतेक वेळा हातात येतात. पानं गेली म्हणजे वर्षभराचं जेवण गेलं. खालचा कंद कधी सावरतो, कधी मरतो.

असं नाजूक असलं, तरी एका बाबतीत हे फूल राक्षसाला भारी आहे. सजीवाच्या पेशीत डीएनए असतो. माणसाच्या डीएनएचं एक पुस्तक मानलं, तर रेडवूडची साधारण साडेआठ पुस्तकं होतील. जपानमधल्या एका ट्रिलियमची मात्र चाळीस! एवढ्या अगडबंब ग्रंथालयातून उगवतं काय, तर तीन पानं आणि एक फूल. जास्त डीएनए म्हणजे मोठं शरीर असं मुळीच नाही, हे मला स्वतःला फार गमतीचं वाटतं.

ट्रिलियमचा एक भाऊ आपल्या हिमालयातही राहतो. हिमाचलात त्याला नागछत्री म्हणतात. औषधासाठी त्याचे कंद इतके उपसले गेले, की तो आता दुर्मीळ होत चाललाय. कंद काढला की त्या झाडाचं पुढचं सगळं आयुष्यच संपतं. पुन्हा बी, पुन्हा मुंगी, पुन्हा वर्षानुवर्षांची वाट.

तर मावशीला काय सांगायचं? बाग मोठी असेल आणि समुद्राचं धुकं तिथवर पोचत असेल, तर दोन्ही लाव म्हणावं. जंगलात ही जोडी एकत्रच राहते. पण ट्रिलियम घेताना नर्सरीवाल्याला एक प्रश्न नक्की विचारायला सांगा: हे इथंच बीपासून वाढवलंय, की जंगलातून उपटून आणलंय? खरोखर बीपासून वाढवलेलं असेल, तर ते बरंच महाग असेल आणि त्यात नवल नाही. कुणीतरी सात-आठ वर्षं त्याला पाणी घातलेलं असतं. त्याच नर्सरीत पलीकडे मावशीच्या डोक्यापेक्षा उंच रेडवूड उभा असेल. वयानं तो कुंडीतल्या त्या वीतभर फुलाचा धाकटा भाऊ असण्याचीच शक्यता जास्त.